प्रार्थनासभेत कुणी "देव म्हणतो, नोकरी सोड" असा संदेश दिला तर लगेच ऐकावं का?

नाही, आधी त्या संदेशाची पारख करा. तसं येशूचा प्रेषित पौल यानेच बायबलमध्ये सांगितलंय. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या त्याच्या पहिल्या पत्रात (१ करिंथ १४:२९) दोघातिघांनी बोलावं आणि बाकीच्यांनी निर्णय करावा असं आहे, म्हणजे संदेश देणाऱ्याचा शब्द अखेरचा नसतो. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा अध्याय २१ वाचा. अगब नावाच्या संदेष्ट्याने पौलाचा कमरबंद घेतला, स्वतःचे हातपाय बांधले आणि यरुशलेमेत या कमरबंदाच्या मालकाला असंच बांधतील म्हणाला. सोबतच्यांनी रडून विनवलं, पौल तरीही गेला. काय करायचं ते त्याने स्वतः ठरवलं. मात्र पारख म्हणजे झिडकारणं नव्हे. १ थेस्सलनीका ५:२० संदेश तुच्छ मानू नका असंही बजावतं. तेव्हा राजीनामा देण्याआधी चर्चच्या पाळकांशी (धर्मगुरूंशी) आणि घरच्यांशी नक्की बोला.