नावे आठवतात, गाणे आठवत नाही

प्रश्न : 1979 च्या सुमारास मी शिवाजी विद्यापीठात इंग्रजी विषय घेऊन एम. ए. करत होतो. वसतिगृहातल्या एका मित्राकडे टेपरेकॉर्डर होता आणि त्याच्या एका कॅसेटवर निळ्या शाईने फक्त ‘रविवार’ असे लिहिलेले होते. त्या कॅसेटवर गिटारच्या साथीने एक बाई अगदी संथ स्वरात अमेरिकेतल्या काळ्या मुलींच्या हत्येचे गाणे म्हणत असे. मुलींची नावे एकामागून एक येत आणि त्यांतले ‘मॅकनेअर’ एवढेच माझ्या लक्षात राहिले आहे. आई मुलीला मोर्चाला जाऊ देत नाही, चर्चमध्ये पाठवते आणि शेवटी ढिगाऱ्यात तिचा बूट सापडतो, हेही त्याच गाण्यात होते. शाहूपुरीतले एक मित्र म्हणतात की गाणे बॉब डिलनचे आहे, तर दुसरे म्हणतात की ते ‘वी शॅल ओव्हरकम’ असावे. हे गाणे नेमके कोणते, ते लोकगीत आहे का, घटना खरी आहे का आणि गुन्हेगारांना शिक्षा झाली का? ती कॅसेट आता माझ्याकडे आहे, परंतु लावायला धीर होत नाही.
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या पत्रात एक नव्हे, दोन रचना आहेत, आणि म्हणूनच इतकी वर्षे विचारूनही कोणाला त्या गाण्याचा पत्ता लागला नाही. मुलींची नावे, संथ चाल आणि बाईचा आवाज हे सारे एका गाण्यातले आहे, तर आई, मोर्चा आणि बूट हे एका कवितेतले आहे. दोन्हींचा विषय एकच असल्यामुळे स्मरणात त्यांचा सांधा इतका बेमालूम जुळला आहे की तुम्ही सांगितलेल्या खुणांचे एकच गाणे शोधू गेले, तर ते सापडणे शक्यच नव्हते.

मॅकनेअर या आडनावाने काम सोपे केले. 15 सप्टेंबर 1963 रोजी, रविवारी सकाळी 10 वाजून 22 मिनिटांनी, अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात सोळाव्या रस्त्यावरच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये डायनामाइटचा स्फोट झाला आणि तळघरात प्रार्थनेसाठी तयार होत असलेल्या चार मुली ठार झाल्या. ॲडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली आणि कॅरोल रॉबर्टसन या तिघी 14 वर्षांच्या होत्या आणि डेनीस मॅकनेअर अवघी 11 वर्षांची. या घटनेवर अमेरिकन गीतकार रिचर्ड फारीन्या यांनी ‘बर्मिंगहॅम संडे’ हे गाणे लिहिले आणि त्यांची मेहुणी, गायिका जोन बाएझ यांनी ते 1964 मध्ये आपल्या तबकडीसाठी गायले. तुम्ही ऐकलेला आवाज बहुधा त्यांचाच. कॅसेटवरच्या ‘रविवार’ या शब्दाचा उलगडाही येथे होतो : मित्राने गाण्याच्या नावातला अर्धा भाग मराठीत उतरवून ठेवला होता.

या गाण्याची बांधणी मोजणीची आहे. एकेका मुलीच्या नावाबरोबर आकडा एकने वाढतो, चारवर येऊन थांबतो, आणि कडव्यांच्या अखेरीस चर्चमधले गायकवृंद स्वातंत्र्याचे गाणे गातच राहतात. पोवाडे ऐकत वाढलेल्या कोल्हापूरकराला त्यात एक गोष्ट चटकन खटकेल. आपला शाहीर अफजलखानाचे नाव घेतल्याशिवाय पुढे सरकत नाही. येथे मारल्या गेलेल्यांची नावे आहेत, मारणाऱ्यांची मात्र नाहीत. 1964 मध्ये या स्फोटासाठी कोणालाही दोषी ठरवण्यात आलेले नव्हते हे खरे, तरी मला वाटते की नावे ठाऊक असती, तरीही या गाण्याने ती घेतली नसती.

ते लोकगीत आहे का, या प्रश्नाचे उत्तर शब्दांपुरते नाही आणि चालीपुरते होय, असे द्यावे लागेल. फारीन्या यांनी एका जुन्या स्कॉटिश गीताची चाल उचलली, ज्यात प्रियतमेचे दुसऱ्याशी लग्न लागताना पाहणाऱ्या माणसाचे दुःख आहे. चाल जुनी आणि शब्द नवे, ही रीत आंबेडकरी जलशांमुळे आपल्याला परकी नाही. लोकांच्या ओठांवर असलेल्या चालीत नवा आशय घातला की तो शिकवावा लागत नाही. त्यामुळे तुमच्या कानाला ते लोकगीत वाटले, यात कानाची चूक नाही.

आता आईविषयी. डडली रँडल हे डेट्रॉइटमधले कवी पेशाने ग्रंथपाल होते. त्यांच्या ‘बॅलड ऑफ बर्मिंगहॅम’ या कवितेतली मुलगी काळ्यांच्या हक्कांसाठीच्या मोर्चाला जाऊ का म्हणून विचारते. आई कुत्र्यांची, लाठ्यांची, पाण्याच्या फवाऱ्यांची भीती दाखवून तिला चर्चमध्ये धाडते, आणि शेवटी काचाविटांच्या ढिगाऱ्यात तिच्या हाती बूट येतो. ही आई कविकल्पित आहे. मुलांचे मोर्चे खरेच निघाले होते, परंतु ते मे 1963 मध्ये, आणि तेही याच चर्चमधून. स्फोट झाला सप्टेंबरात. रँडल यांनी मे आणि सप्टेंबर एकाच सकाळी आणून ठेवले, आणि कवितेची सारी ताकद त्या एका जुळणीत आहे. ही कविता जेरी मूर या गायकाने चालीवर बसवली खरी, परंतु ती तुम्ही कॅसेटवर ऐकली असेल असे मला वाटत नाही. तुम्ही इंग्रजीचे विद्यार्थी होता. ती वर्गात किंवा ग्रंथालयातल्या एखाद्या संग्रहात वाचली असण्याचा संभव अधिक.

मित्रांचे अंदाज लगेच बाजूला ठेवता येतात. डिलन यांनी अशा हत्यांवर लिहिले आहे, परंतु एमेट टिल किंवा हॅटी कॅरोल यांच्यावरची त्यांची गाणी एकेका व्यक्तीची कहाणी सांगतात. ‘वी शॅल ओव्हरकम’मध्ये तर कोणाचेच नाव नाही. (त्याचेच हिंदी रूप असलेले ‘हम होंगे कामयाब’ आपण शाळेत इतक्यांदा म्हटले आहे की अमेरिकेतले काळ्यांचे गाणे म्हटले की पहिल्यांदा तेच आठवते.)

शिक्षेची हकिकत कडू आहे. कृत्य कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हिंसक संघटनेच्या माणसांचे होते. चार संशयितांची नावे 1965 पर्यंत केंद्रीय तपास यंत्रणेच्या हाती आलेली होती, तरी 1968 मध्ये आरोप न ठेवताच तपास बंद झाला. रॉबर्ट चँब्लिस 1977 मध्ये दोषी ठरला, म्हणजे तुम्ही वसतिगृहात गाणे ऐकत होता तेव्हा चौघांपैकी एकच तुरुंगात होता. टॉमस ब्लँटन 2001 मध्ये आणि बॉबी फ्रँक चेरी 2002 मध्ये दोषी ठरले. चौथा, हर्मन कॅश, खटल्याविनाच 1994 मध्ये मरण पावला.

कॅसेट मात्र लगेच यंत्रात घालू नका. इतक्या वर्षांत फितीमागचा नमद्याचा तुकडा सुटलेला असतो आणि फीत कडेला चिकटलेली असते. चाकात पेन्सिल घालून ती हलक्या हाताने एकदा पुढे, एकदा मागे फिरवा, अडली तर जोर करू नका, आणि जुनी कॅसेटयंत्रे दुरुस्त करणाऱ्या एखाद्या कारागिराकडून ती उतरवून घ्या. ॲडी मे हे नाव पहिले आले, डेनीस दुसरे आले आणि कॅरोलपाशी आकडा चारवर थांबला, तर गाणे हेच. त्यात बूट सापडणार नाही.