हँग्ड मॅन आला म्हणून घाबरताय? आधी त्याचा चेहरा बघा

नोकरी सोडू का असं विचारून तुम्ही टॅरोचं (भविष्य बघायच्या पत्त्यांचं) एकच कार्ड काढलंत, हँग्ड मॅन म्हणजे लटकलेला माणूस आला आणि आता काहीतरी वाईट होणार म्हणून टेन्शन घेतलंय. अहो, फाशी गळ्याला देतात, हा तर पायाने लटकलाय.

तुमचं डेक, म्हणजे पत्त्यांचा संच, रायडर वेट नावाचं असेल तर कार्ड नीट बघा. पामेला कोलमन स्मिथने १९०९ मध्ये, हे डेक बनवून घेणाऱ्या आर्थर वेटसाठी काढलेलं चित्र आहे. एक पाय बांधलेला, दुसरा गुडघ्यात मोडून मागे घेतलेला, हात पाठीमागे आणि डोक्याभोवती चक्क तेजोवलय. ज्या लाकडाला लटकलाय तेही वाळकं नाही, पानं आहेत त्याला. चेहऱ्यावर वेदना नाही, तंद्री लागल्यासारखा आहे, आणि हे खुद्द वेटनेच लिहून ठेवलंय, वर असंही की इथे आयुष्य थांबलंय पण ते आयुष्यच आहे, मरण नाही.

आता तुमची भीती अगदीच हवेतली नाही हेही सांगतो. जुन्या इटलीत या पत्त्याला गद्दार म्हणायचे, कारण तिकडे फितूर लोकांची अशी उलटी टांगलेली चित्रं भिंतीवर काढून बदनामी करायची पद्धत होती. सेनापती मुत्सिओ स्फोर्त्साचं असं चित्र १४१२ मध्ये रोममध्ये लावलं होतं, आणि गंमत बघा, सगळ्यात जुन्या टॅरोपैकी एक डेक त्याच्याच पोराच्या घराण्याशी जोडलं जातं आणि त्यातही हा लटकलेला आहेच! पुढे १७८१ मध्ये कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच माणसाने तर पत्ता उलटा छापला गेलाय, हा मुळात एका पायावर उभा असलेला शहाणपणा आहे असं ठोकून दिलं. साफ चूक, पण मजेशीर.

बरेच जण या कार्डाचा अर्थ त्याग, बलिदान असा सांगतात, मला ते जरा जास्तच वाटतं. नोकरीच्या प्रश्नात मी सरळ असं वाचतो की आत्ता हातपाय मारून काही हलणार नाही, राजीनामा थोडा थांबवा आणि त्या ऑफिसकडे दुसऱ्या बाजूने बघा. कार्ड उलटं आलं असेल तर मात्र वेगळं, तेव्हा तुम्ही उगाच लटकून राहिलाय असं मी म्हणेन. सरळ आलं होतं की उलटं ते लिहिलं नाहीये तुम्ही, तेवढं सांगा.