देव हिस्सा मागायला येत नाही

ताई, सप्रेम सलाम.

मी अहिल्यानगरची, वय 54. माझ्या मिस्टरांच्या किडनी प्रत्यारोपणाला पुढच्या महिन्यात तीन वर्षं होतील. त्याआधी ते दीड वर्ष डायलिसिसवर होते, आठवड्यातून तीन दिवस. ऑपरेशन नीट पार पडलं तर दर वर्षी उपकारस्तुती करीन, चारचौघांत तुझे आभार मानीन, असं मी देवाला वचन दिलं होतं. ते पाळते आहे. चर्चच्या मंडळीत दान देते, देवाने काय केलं याची उभी राहून साक्ष देते, घरी उपासना ठेवते, रोज बायबलातलं स्तोत्र 103 आणि 118 वाचते. पण ताई, मन कोरडं आहे. तोंडाने शब्द येतात, आत काही हलत नाही. किडनी नीट चालते की नाही ते सांगणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट यायचा असला की आदल्या रात्री झोप नाही. मग वाटतं, माझा देवावर भरवसाच नाही आणि मी मंडळीपुढे खोटं बोलते आहे.

मला शुगर असल्याने मला देता आली नाही. किडनी नणंदेने दिली. सासऱ्यांच्या घराच्या हक्कसोडपत्रावरून नंतर थोडं बिनसलं म्हणून ती आता येत नाही, पण तो विषय वेगळा. साक्षीत मी कुणा माणसाचं नाव घेत नाही, गौरव देवालाच. मनुष्यावर भिस्त ठेवण्यापेक्षा परमेश्वराचा आश्रय बरा, असं स्तोत्रातच आहे. मनापासून धन्यवाद देता यावा म्हणून मी कोणतं स्तोत्र वाचू? कशी प्रार्थना करू?

– एक भगिनी

बाई, तो विषय वेगळा नाही. तुमच्या पत्रात विषय तो एकच आहे.

डायलिसिसचे दिवस तुम्ही मोजून लिहिलेत, स्तोत्रांचे आकडे लिहिलेत, रिपोर्टच्या आदल्या रात्रीची घालमेल लिहिलीत. नणंदेच्या वाट्याला मात्र तीन शब्द आले, आणि चौथा शब्द लिहायच्या आत हक्कसोडपत्र आलं. तिचं वय काय, ती कुठे असते, आता तिची तब्येत कशी आहे, यातलं काहीच नाही. तिने दिलेला अवयव तुमच्या घरात रोज हिंडतो-फिरतो, आणि ती मात्र ‘आता येत नाही’.

दोन कागद डोळ्यांपुढे आणा. पहिला रुग्णालयातला संमतीचा. 1994च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने बहीण जवळची नातेवाईक धरली जाते, त्यामुळे बाहेरचा दाता आणला असता तर जितकी छाननी झाली असती तितकी इथे झाली नसेल. पण सही तिलाच करावी लागली. भावासाठी पोट फाडून घ्यायला तयार आहे, अशी सही. दुसरा कागद तुम्ही पुढे केलात: बापाच्या घरातला आपला हिस्सा सोडते, असा. तिने पहिल्यावर सही केली, दुसऱ्यावर केली नाही. आणि याला तुम्ही ‘थोडं बिनसलं’ म्हणता. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर सांगते. ख्रिस्ती कुटुंबाला 1925चा भारतीय वारसा कायदा लागतो, आणि मृत्युपत्र नसेल तर त्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच असतो. म्हणजे ती काही फुकटचं मागत नव्हती. तुम्ही मागत होता.

आता उपकारस्तुतीबद्दल. तुम्ही मला स्तोत्राचा आकडा विचारलात, पण ज्या लोकांनी ही स्तोत्रं म्हटली ते उपकारस्तुती कशी करत हे ठाऊक नसेल तर आकड्याचा उपयोग नाही. बायबलातल्या लेवीय पुस्तकाचा सातवा अध्याय काढा. संकटातून सुटलेला माणूस मंदिरात बैल, मेंढरू किंवा बकरं घेऊन जाई. सोबत तेलात मळलेल्या बेखमीर पोळ्या आणि खमीर घातलेल्या भाकरीही असत. चरबी वेदीवर, ठरलेला भाग याजकाला, आणि उरलेलं सगळं ज्याने अर्पण आणलं त्याला. आणि एक कडक नियम: उपकारस्तुतीच्या बळीचं मांस त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही. नवसाच्या बळीचं मांस दुसऱ्या दिवशीही चालत असे, याचं नाही.

एक अख्खं जनावर एक घर एका दिवसात कसं संपवणार? नियमामागचं कारण त्या अध्यायात दिलेलं नाही, पण यहुदी भाष्यकारांनी ते ओळखलं. माणसं बोलवावीच लागतात. आणि इतकी माणसं जेवायला बसली की कुणीतरी विचारतंच, काय झालं होतं रे तुला? मग सगळी हकीकत सांगावी लागते, कोण धावून आलं त्याच्यासकट. स्तोत्र 116 मध्ये नवस फेडण्याची गोष्ट दोनदा येते, आणि दोन्ही वेळा ती ‘त्याच्या सर्व लोकांच्या देखत’ येते. ‘माझ्या देवा, तू मला का सोडलंस’ या आकांताने सुरू होणारं 22वं स्तोत्र शेवटाकडे कुठे जातं पाहा. नवस फेडला जातो आणि लगेच दीनदुबळे पोटभर जेवतात. 107व्यात तर चार जणांची यादीच आहे: वाळवंटात वाट चुकलेले, बेड्यांत पडलेले, आजाराने मरणाच्या दारी गेलेले, समुद्रात वादळात सापडलेले. त्या चौघांनाही तेच सांगितलंय, आता लोकांमध्ये बोला. या यादीवरून आजही यहुदी माणूस जिवावरच्या दुखण्यातून उठला की सभास्थानात दहा जणांच्या समक्ष धन्यवादाचं वचन म्हणतो. एकट्याने घरात म्हणून चालत नाही.

लांब कशाला, आपल्या अलिबागकडचे मराठी बोलणारे यहुदी, बेने इस्रायली, घ्या. दुखणं बरं झालं, नवस पुरा झाला की ते मलिदा करतात. गोड पोहे, त्यात ओलं खोबरं, वर फळं. एलिया संदेष्ट्याची आठवण करून प्रार्थना होते आणि ते ताट जमलेल्या सगळ्यांत वाटलं जातं. (आमच्या ख्रिस्ती घरांत उपकारस्तुती हळूहळू पाकिटात कधी शिरली कळलंच नाही. पाकिटावर नाव लिहायचं, पाळकसाहेबांनी ते वाचायचं, झालं. पाकिटाला कुणी विचारत नाही, काय झालं होतं म्हणून.)

तुमच्या घरच्या उपासनेला यंदा किती पानं मांडली जातील मला माहीत नाही. मंडळीतली माणसं येतील, शेजारी येतील. जिच्यामुळे ते जेवण होतंय ती नसेल. आणि तुम्ही विचारता, मन कोरडं का?

मला वाटतं, तुमचं मन कोरडं नाही, चांगलं शाबूत आहे. ते तुम्हाला खोटी साक्ष मुकाट्याने देऊ देत नाही, एवढंच. खोटं कुठे आहे हे मात्र तुम्ही चुकीच्या जागी शोधता आहात. देवावरच्या भरवशात खोटं नाही. ‘देवाने किडनी दिली’ असं म्हणून तुम्ही थांबता आणि त्याने ती कुणाच्या कुशीतून काढून दिली हे गिळता, खोटं तिथे आहे. त्याचं कारणही मला दिसतं. देवाचे उपकार मानणं सोपं आहे. तो वडिलोपार्जित घरात हिस्सा मागायला येत नाही. नणंदेचे उपकार मानले की तो कागद तिच्यापुढे कोणत्या तोंडाने धरायचा?

तुम्ही 118व्या स्तोत्राचा आठवा श्लोक पुढे केलात. नववाही वाचा: अधिपतींवर भिस्त ठेवण्यापेक्षा परमेश्वराचा आश्रय बरा. हे स्तोत्र म्हणणाऱ्याला चहूकडून राष्ट्रांनी वेढलंय, मधमाश्यांसारखं. अशा वेळी सत्तेतल्या माणसाचा हात धरू नये, असं तो सांगतो. ज्या बहिणीने हात दिला तिचं नाव घेऊ नये, असा त्याचा अर्थ काढायला फार कसब लागतं. आणि हेच स्तोत्र रोज वाचता तर बावीसावा श्लोक कसा नजरेतून सुटला? बांधणाऱ्यांनी नापसंत केलेला दगड कोपऱ्याचा मुख्य दगड झाला. त्या ओळीचा खरा रोख फार मोठ्या गोष्टीकडे, ख्रिस्ताकडे आहे, मला माहीत आहे. पण सासऱ्यांच्या घराची वाटणी चालली असताना ती वाचली की माझ्या तरी डोळ्यांपुढे तुमची नणंद येते.

स्तोत्र हवंच असेल तर 50वं घ्या. मात्र ते आवडून घ्यायला जड जाईल. त्यात देव म्हणतो, मला भूक लागली तरी मी तुला सांगणार नाही, डोंगरांवरची गुरं माझीच आहेत. मग चौदाव्या श्लोकात तो उपकारस्तुतीचं अर्पण मागतो. तेविसाव्यात पुन्हा म्हणतो, जो उपकारस्तुती करतो तो माझा गौरव करतो. हे दोन श्लोक पाळक मंडळी नेहमी वाचून दाखवतात. त्यांच्या मधोमध, विसाव्यात, देव दटावतो आहे: तू बसून आपल्या भावाविरुद्ध बोलतोस, आपल्या आईच्या पोटच्याची निंदा करतोस. उपकारस्तुतीच्या दोन मागण्यांमध्ये हे भावंडांचं भांडण उगाच येऊन पडलेलं नाही. वेदीजवळ दान ठेवून आधी भावाशी समेट कर, हे येशूचं वाक्य तुम्हाला पाठ असणार, म्हणून त्यावर मी वेळ घालवत नाही.

रिपोर्टच्या भीतीबद्दल थोडंच सांगते, कारण ती गोष्ट थोडीच आहे. घाबरणं म्हणजे भरवसा नसणं नव्हे. ज्या वेळी मला भीती वाटेल त्या वेळी मी तुझ्यावर भरवसा ठेवीन, असं 56व्या स्तोत्रात आहे. तिथे भीती आणि भरवसा एकाच श्वासात नांदतात. प्रत्यारोपण झालेल्या माणसाला शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात, त्याच्या बायकोला रिपोर्टची धास्ती वाटणारच. ती वाटू द्या.

पण एक सांगा. एका माणसाच्या क्रिएटिनिनसाठी तुम्ही रात्र रात्र जागता. दुसऱ्या माणसाच्या क्रिएटिनिनचं काय? किडनी देणाऱ्यानेही वर्षातून एकदा रक्तदाब, लघवीतलं प्रथिन, क्रिएटिनिन तपासून घ्यायचं असतं, आयुष्यभर. उरलेली एकच आहे, म्हणून. तुमच्या नणंदेची तपासणी शेवटची कधी झाली? खर्च कुणी केला? सोबत कोण गेलं? तुम्हाला ठाऊक नाही हे मला पत्रावरूनच कळतंय. आणि तुमच्या मिस्टरांना ठाऊक आहे का? अख्ख्या पत्रात ते एक शब्दही बोललेले नाहीत. बहिणीची किडनी घेतलेला भाऊ तीन वर्षांत तिच्या दारात गेला की नाही, हे तुम्ही लिहिलंच नाहीत. गेले असते तर लिहिलं असतं.

तेव्हा प्रार्थना कशी करू हे मला विचारू नका. आजच पाळकसाहेबांना फोन करून सांगा की पुढच्या महिन्यातली साक्ष सध्या राहू द्या. का, असं त्यांनी विचारलं तर खरं कारण सांगा. आणि या शनिवारी दोघंही नणंदेकडे जा. दोघंही. मिस्टरांनी गाडीत बसून राहायचं आणि तुम्ही आत जायचं, असं नाही. कागद नेऊ नका. घराचा विषय काढू नका. तिने काढला तर तिचा वाटा तिचा आहे एवढं एकच वाक्य भावाने बोलायचं आणि गप्प बसायचं. बायबलही नेऊ नका, कारण मला भीती आहे की तिथे तुम्ही एखादं स्तोत्र वाचायला घ्याल आणि त्याच्याआड लपाल. ती रागावेल, कदाचित दारातच उभं करून ऐकवेल. ऐकून घ्या. दोन शब्द जास्तच बोलली तरी ते तिला शोभतं.

मग तिला विचारा, वन्सं, तुमची तपासणी कधी झाली? झाली नसेल तर तारीख तिथेच ठरवा आणि त्या दिवशी सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला तिच्यासोबत तुम्ही जा, मिस्टरांना पाठवू नका. तिचा रिपोर्ट येईपर्यंत घरी उपासना ठेवायची घाई करू नका. ठेवाल तेव्हा दिवस तिला विचारून ठरवा, आणि साक्षीला उभं राहायला मिस्टरांना सांगा. तीन वर्षं तुम्हीच बोलता आहात.