जळगावहून नेपाळला जायचंय, पासपोर्ट नाही, आधार कार्डावर चालेल का?

नाही, तुमचं वय 15 ते 65 च्या मधे असेल तर नुसत्या आधारवर नाही चालत, पासपोर्ट नसला तरी ओरिजिनल मतदान कार्ड घ्या म्हणजे झालं, भारतीयांना नेपाळला व्हिसा लागतच नाही. आपल्या सरकारचा इमिग्रेशनचा नियमच तसा आहे. सोबत आईवडील 65 च्या वरचे असतील तर त्यांचं आधार चालतं, 15 च्या आतल्या पोरांचंही, अन् 15 ते 18 वाल्याला शाळेच्या मुख्याध्यापकांनी दिलेलं ओळखपत्र. झेरॉक्स किंवा मोबाईलमधल्या फोटोच्या भरवशावर राहू नका (इथंच बरेच जण फसतात). फक्त दुबईबिबईहून परस्पर नेपाळला जाणार असाल तर मात्र पासपोर्टच लागेल. भुसावळहून गोरखपूरची गाडी धरा, तिथून पुढे सोनौली बॉर्डर.