जुन्या दशावतारी कलाकारांचा गावाने सन्मान कसा करावा?

शाल-श्रीफळ द्याच, पण आधी त्यांचं काम रेकॉर्ड करा. दशावतार या कोकणातल्या लोकनाट्यात लिहिलेली संहिता नसते. आख्यान, म्हणजे पौराणिक कथा, ठरतं आणि संवाद रंगमंचावरच सुचतात. त्यामुळे जुना राजपार्टी (राजाची भूमिका करणारा) किंवा स्त्रीपार्टी (स्त्रीची भूमिका करणारा) गेला की त्याची भाषा, पदं, युद्धाची पावलं, सगळंच जातं. याची मला फार हळहळ वाटते. जत्रेतला अख्खा प्रयोग पायपेटी-मृदंगासह चित्रित करा, नंतर कलाकाराला निवांत बोलतं करा.

राज्य शासनाची ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधन योजना आहे. तिचा अर्ज सोबत बसून भरून द्या.

लोककला कशी जपावी याचं एक उदाहरण: सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगण्याची कला) आणि कळसूत्री बाहुल्या जपायला घरच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. २०२१ ची पद्मश्री त्यानंतर आली. शाळेची सहल आधी तिथे न्या.