मधी नको, रुळाबुडी ठास! (वाचक विचारतात)

प्रश्न : आमचे आज्जा रेल्वे मीटरगेज असताना गुंजी-खानापूर पट्ट्यात गँगमन (रूळ सांभाळणारे कामगार) होते. परवा माळा झाडताना एक लोखंडी अवजार मिळालं, एक टोक अणकुचीदार, दुसरं जाड चपटं, दांडा मोडलेला. भंगारवाला म्हणतोय खडी फोडायचा पिकास आहे. तसंच आहे का? आणि घरात कॉट डगमगली, पाटा हलला की आज्जा म्हणायचे, "मधी नको, रुळाबुडी ठास." म्हणजे काय?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : भंगारवाल्याला आधी वाटेला लावा. तो पिकास नव्हे, बीटर. टोकदार बाजूनं घट्ट बसलेली खडी उकरायची आणि चपट्या बाजूनं ती स्लीपरच्या, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्टीच्या, पोटाखाली ठासायची. खडी फोडण्याशी त्याचा काही संबंध नाही, उलट जोरात मारून खडीचा भुगा केलात तर मेटच्या (गँगच्या मुकादमाच्या) शिव्या ठरलेल्या.

मीसुद्धा गँगमध्ये बीटर मारलाय म्हणून सांगतो, लोकांना वाटतं त्यात नुसती ताकद लागते, पण तसं नाय बघा. आधी पंजानं (दातेरी अवजारानं) आणि फावड्यानं स्लीपरच्या दोन्ही बाजूची खडी उघडी करायची, मग दोघं एकमेकांकडं पाठ करून उभं राहायचं आणि एकाच वेळी तिरपा घाव घालायचा, दोन्हीकडून खडी आत जाऊन रुळाच्या बरोबर खाली आवळली पाहिजे. बीटर छातीच्या वर न्यायचा नाही. नवीन पोरगा डोक्यावरून लाकूड फोडल्यासारखा मारायला लागला की मेट कानडीत ओरडायचा, आम्ही मराठीत हसायचो. ताल चुकला की एकाचा घाव दुसऱ्यानं बसवलेली खडी परत बाहेर ढकलतो, म्हणून कोणतरी आरोळी देणारा लागायचाच, नाहीतर काम पुढं सरकायचं नाही.

आता तुमच्या आज्जांचं वाक्य. गाडीचं वजन दोन रुळांवर पडतं, स्लीपरच्या मधल्या भागावर नाही. मीटरगेजला दोन रुळांमध्ये अंतर 1000 मिलिमीटर, आणि रुळाच्या खाली दोन्हीकडं साधारण 350 मिलिमीटरपर्यंतच खडी ठासायची, मधला भाग ढिलाच ठेवायचा. मधी पण ठासलं तर काय होतं, गाड्या जाऊन जाऊन रुळाखालची खडी दबते, मधली तशीच कडक राहते आणि स्लीपर मधल्या खडीवर टेकून सी-सॉसारखा डुलायला लागतो, लाकडी असला तर मधीच तडकतो. कॉटचंही तेच की ओ! भार पायावर येतो, पाचर तिथंच घालायची.

काम झाल्यावर मेट लांब जाऊन रुळावर गाल टेकवल्यासारखा वाकून बघायचा, रूळ कुठं दबलाय ते त्याला डोळ्यानंच कळायचं. मग स्लीपर ठोकून आवाज ऐकायचा. पोकळ वाजला की परत बीटर. भर उन्हात, जेवायची वेळ झालेली असताना तो आवाज पोकळ आला की काय वाटायचं ते विचारू नका.

आपली ही लाईन सदर्न मराठा रेल्वेनं टाकली, ती कंपनी 1882 ची, 1876-78 च्या दुष्काळात धान्य पोचवायला रेल्वे नव्हती त्या अनुभवातून आलेली. 1908 मध्ये ती मद्रास रेल्वेला जोडली आणि एम.एस.एम. (मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे) झाली, 1951 मध्ये सदर्न रेल्वे. तेव्हा बीटरवरचा गंज घासून बघा, एम.एस.एम. अशी अक्षरं उमटलेली दिसली तर तो 1951 च्या आधीचा, म्हणजे कदाचित आज्जांच्याही आधी कुणाच्या तरी हातात असेल.

प्रश्न : पूर्वी बेळगाव-लोंढा प्रवासात खटखट आवाज यायचा, आता येत नाही. आईला त्याशिवाय गाडीत झोप लागत नाही!
– टिळकवाडी

उत्तर : तो रुळांच्या सांध्यांचा आवाज. लोखंड उन्हात वाढतं, 12 मीटरचा रूळ 30 अंश तापला की 4 मिलिमीटर लांबतो, म्हणून दोन रुळांत फट सोडून फिशप्लेटनं (बोल्टाच्या लोखंडी पट्टीनं) जोडायचे, चाक त्या फटीवरून गेलं की खट्. आता रूळ वेल्डिंग करून लांबच लांब जोडतात. पण कुठं अशी जुनी लाईन मिळाली तर आईंना एक खेळ सांगा, रूळ 12 मीटरचा असेल तर एकाच चाकाचे 43 सेकंदांत जितके खटके मोजाल तितका गाडीचा ताशी वेग किलोमीटरमध्ये. मोजता मोजता झोप लागते, आमच्या कीमनची (रोज चालत रूळ तपासणाऱ्याची) तर ड्युटीवरून घरी येताना रोज लागायची आणि स्टेशन मागं जायचं.