मुलाला सेरेब्रल पाल्सी, बायकोचं हार्टचं ऑपरेशन. खानापूर सोडून पुण्याला शिफ्ट व्हावं का?

दादा, तुम्ही लिहिलंय की मुलगा सहा वर्षांचा आहे, सीपी म्हणजे सेरेब्रल पाल्सी आहे, अजून बसत नाही, फिट्सचं औषध चालू आहे, आणि आता बायकोला हार्टची झडप बदलायचं ऑपरेशन सांगितलंय, आणि पाहुणे म्हणतायत की खानापुरात काय ठेवलंय, पुण्याला या, तिकडं थेरपी पण चांगली आणि दवाखाने पण. मी सरळच सांगते, जाऊ नका. दाखवायला जा, आठ दिवस राहून शिकून या, पण घर मोडून जाऊ नका.

मी बेळगावची, शहापुरात राहते. माझी पोरगी चौदा वर्षांची आहे, सीपीच, चारी हातपाय कडक, बोलत नाही पण सगळं कळतं तिला. आणि तिचे पप्पा डायलिसिसवर आहेत. त्यामुळं तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

पुण्याचं म्हणाल तर मी राहून आलेय. पोरगी चार वर्षांची असताना माझ्या नणंदेनं, आम्ही वन्सं म्हणतो त्यांना, आग्रह करून बोलावून घेतलं. सिंहगड रोडला फ्लॅट, लिफ्ट, सगळं छान. थेरपिस्ट पण चांगल्या मिळाल्या, त्यांनी खूप शिकवलं मला, ते नाकारणार नाही. पण थेरपी किती वेळ, पाऊण तास. उरलेला दिवस आणि अख्खी रात्र मी आणि पोरगी चार भिंतीत. वन्सं आणि त्यांचे मिस्टर सकाळी आठला कामाला जाणार ते रात्री येणार, आमचे हे इकडं उद्यमबागला मशीन शॉपमध्ये, रविवारची सुट्टी गाठून शनिवारी रात्री निघून यायचे. एकदा मला सणसणून ताप भरला, उठून बसता येईना, पोरगी ओल्या कपड्यात पडून रडतीय आणि त्या अख्ख्या मजल्यावर मला एक दार वाजवता येईना, कारण कुणाचं नावसुद्धा माहीत नव्हतं. त्या आठवड्यात मी बॅगा भरल्या आणि बेळगावला आले.

तेव्हापासून वन्संचं एकच पालुपद. "तुझ्या हट्टापायी पोरगी चालायची राहिली." बारशाला ऐकवलं, लग्नाच्या पंगतीत ऐकवलं, सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला चार लोकांत ऐकवलं. तुम्हालाही तिकडून तेच सांगत असतील की पुण्यात असता तर पोरगं चाललं असतं, म्हणून हे नीट लिहिते. सीपीमध्ये मेंदूला इजा एकदाच झालेली असते, ती वाढत नाही आणि भरूनही येत नाही. मुलाला हालचाल किती जमते त्यावरून डॉक्टर लोक जीएमएफसीएस म्हणून पाच लेव्हल सांगतात, पहिल्या लेव्हलचं मूल चालतं पळतं, पाचव्या लेव्हलच्या मुलाला मान धरायची पण पंचाईत. दोन वर्षांपर्यंत मूल आधाराशिवाय बसलं का, यावरून पुढं चालेल का याचा बराच अंदाज येतो, आणि पाच वर्षांपर्यंत लेव्हल जवळजवळ ठरून जाते. माझी पोरगी पाचव्या लेव्हलची आहे. तिला सिंहगड रोडला ठेवलं असतं काय, शहापुरात ठेवलं काय आणि लंडनला ठेवलं असतं काय, ती चालली नसती. थेरपीचं काम म्हणजे स्नायू आखडू नयेत, खुब्याचं हाड जागेवर राहावं, बसून जेवता यावं, दुखू नये. आणि ते रोज घरात करायचं काम आहे, सकाळ संध्याकाळ, वर्षानुवर्षं. करणारे हात जिथं जास्त, तिथं मूल बरं राहतं, हे माझं मत आहे आणि कुणी कितीही शिकलेलं येऊ दे, ते बदलणार नाही.

इकडं आल्यावर मी एक गोष्ट ठरवून केली. संध्याकाळी पोरीला खुर्चीत बसवून सोप्यात घ्यायची आणि तिला भरवायचं काम रोज दुसऱ्या कुणाच्या हातानं करून घ्यायचं. शेजारच्या आक्का, समोरच्या काकू, वरच्या खोलीत राहणारा कॉलेजचा पोरगा, सगळ्यांच्या हातनं. अशा मुलांना परका हात चालत नाही, तोंड घट्ट मिटतात, नाहीतर ठसका लागतो, म्हणून सवय लागायला महिने जातात. हनुवटी थोडी खाली, घास लहान, गिळलेलं दिसल्याशिवाय दुसरा घास नाही, झोपवून तर कधीच नाही. आक्का कानडी, पोरगी घरात मराठी ऐकणारी, पण आक्कांच्या हातनं ती माझ्यापेक्षा जास्त जेवते. सासूबाईंना हे पटायचं नाही, लोकांच्या दारात पोरगी दाखवत बसतीस काय म्हणायच्या. आईलाच जमतं, दुसऱ्याला जमत नाही, हे जे घराघरात बोलतात ना, त्यानंच बायका आजारी पडतात.

मग यांची किडनी गेली. शुगर आणि बीपी, दोन्ही वर्षानुवर्षं. आठवड्यातनं तीनदा डायलिसिस, चार चार तास. डाव्या हातात मनगटाजवळ फिश्चुला केलाय, म्हणजे धमनी आणि शीर जोडून देतात, तिथनंच सुया घालतात. त्या हाताला बीपी लावायचा नाही, दुसरी कुठली सुई नाही, वजन उचलायचं नाही. आणि पोरगी तोवर तीस किलोच्या घरात गेलेली, तिला आंघोळीला उचलून न्यायचे ते हेच. मी उचलायला लागले तर माझी कंबर धरली. त्या फिश्चुल्यावर हात ठेवला की आत रक्त जोरात वाहताना घुर्र घुर्र लागतं, ते चालू आहे ना हे रोज बघायचं असतं. पोरीनं ते कसं शोधलं देव जाणे, सकाळी हे जवळ बसले की मान वाकडी करून गाल त्या मनगटावर टेकते आणि घुरघुर लागली की खुदकन हसते. आता रोजचं चेकिंग तीच करते म्हणा.

जुलैमधली गोष्ट, आमच्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको, खानापूरला तर आणि जास्त. सोमवारी डायलिसिस, म्हणजे शनिवार रविवार मधली मोठी गॅप, त्या गॅपमध्येच अंगात पाणी साठून माणूस अडचणीत येतो, आणि त्यात रविवारी एका वास्तुशांतीला जाऊन हे आमटी भात जेवून आले. रात्री दीडला उठून बसले, आडवं होता येईना, धाप लागली, ओठ निळे. मी आक्कांचं दार वाजवलं. त्यांनी काय झालं म्हणूनसुद्धा विचारलं नाही, "नीव होग्री, ना नोडकोतीनी" म्हणाल्या, तुम्ही जावा, मी बघते म्हणून, आणि सरळ आत येऊन पोरीशेजारी बसल्या. वरच्या पोरानं गुडघाभर पाण्यातनं जाऊन रिक्षा आणली. यांना आयसीयूत घेतलं, रात्रीतच डायलिसिस लावलं, नंतर आठवडाभर दवाखान्यातच. त्या आठवड्यात पोरीचा फिट्सचा एक डोस चुकला नाही. व्हॅल्प्रोएटचं सिरप आहे, ते अचानक बंद झालं तर फिट्स वाढतात, म्हणून सिरींजवर किती भरायचं तिथं मी लाल नेलपॉलिशची रेघ मारून ठेवलीय, वाचता न येणाऱ्यालाही कळतं. काकूंनी भरवलं, आक्कांनी पुसलं धुतलं, पोरानं उचललं. मी परत आले तेव्हा पोरीच्या पाठीवर एकाच जागी पडून राहिल्यानं येतो तो साधा लाल डागसुद्धा नव्हता.

यांना आयसीयूत घेतलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी वन्संचा फोन आला होता, "पुण्यात असता तर ही वेळ आली नसती, इथं मोठमोठी हॉस्पिटलं आहेत." मी आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर बसून विचारलं, वन्सं, पुण्यात रात्री दीडला पोरगी मी कुणाकडं टाकली असती? उत्तर आलं नाही, आजवर आलेलं नाही. वन्सं मनानं वाईट नाहीत, यांच्या औषधाला पैसे पाठवतात, पण त्यांच्या हिशोबात हॉस्पिटल येतं, माणसं येत नाहीत.

आता तुमचं. झडपेच्या ऑपरेशनला छातीचं मधलं हाड उघडतात बहुतेक, ते सांधायला दीड दोन महिने लागतात आणि तोवर, कधी तीन महिन्यांपर्यंत, वजन उचलू देत नाहीत. तुमचं पोरगं कमीत कमी पंधरा किलो तरी असेल. म्हणजे खरा प्रश्न पुणे की खानापूर हा नाहीच, ते तीन महिने पोराला उचलणार कोण हा आहे. तारीख मिळायच्या आत निदान तीन माणसं तयार करा, त्यात तुम्ही स्वतः पहिले, कामावरनं येऊन टीव्हीसमोर बसायचं नाही. तुमच्या वडिलांना, भावाला, शेजारच्याला शिकवा. ताठलेल्या मुलाला तसंच काखेत धरून ओढलं की ते आणखी धनुष्यासारखं ताठतं, आधी कुशीवर वळवायचं, गुडघे आणि कंबर हळू दुमडायची, अंग सैल पडतं, मग एक हात खांद्याखाली आणि एक मांडीखाली घालून, स्वतःचे गुडघे वाकवून उचलायचं.

पैशाचं पण बघा, कारण शिफ्ट व्हा म्हणणारे हे बोलत नाहीत. तुमचं बीपीएल रेशनकार्ड कर्नाटकाचं असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकात वर्षाला कुटुंबाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, एपीएल असाल तर पॅकेजच्या ३० टक्के, फक्त आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल घ्या. हार्टची ऑपरेशनं बेळगावातच होतात. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केलीय, तुमचं गाव यादीत आहे का आणि योजना आता मिळते का हे महाराष्ट्र एकीकरण समितीच्या माणसांना विचारा, मिळत असेल तर इथं राहूनच तोही दरवाजा उघडा राहतो. तिकडं जाऊन भाड्याच्या खोलीत बसलात तर गृहलक्ष्मी (कर्नाटकात बायकांना महिन्याला मिळणारे पैसे), पेन्शन, रेशन सगळ्याची फरफट. पोराचं यूडीआयडी म्हणजे अपंगत्वाचं कार्ड केलंच असेल, त्यावर सरकारचा निरामय विमा काढा, १ लाखाचा, सीपीला चालतो, आधी तपासणी लागत नाही, थेरपीचे पैसे पण त्यातनं निघतात. ग्रामपंचायतीत अपंगांसाठी व्हीआरडब्ल्यू म्हणजे गावचा पुनर्वसन कार्यकर्ता असतो त्याला गाठा, आणि शाळेत जाणं जमत नसेल तर बीईओ म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्याच्या ऑफिसात, अशा मुलांना शिकवणारे बीआयईआरटी शिक्षक घरी पाठवायला सांगा. कानडीत बोलतील, बोलू दे, दोन भाषा ऐकून अशी मुलं बिघडत नाहीत, तेही एक खूळ आहे लोकांचं.

हां, एक राहिलं. औषध चालू असून फिट्स थांबत नसतील, खाताना सारखा ठसका लागून छाती भरत असेल, किंवा डायपर बदलताना एक पाय उघडत नसेल तर इथं थांबू नका. खुब्याचा एक्सरे काढा, फिट्ससाठी मेंदूच्या आजारांचे सरकारी दवाखाने, धारवाडला डिमहान्स आहे, बेंगळुरूला निमहान्स आहे, पुणे आहे, जिथं सांगतील तिथं जा. आणि पुण्यात तुमचे सख्खे कुणी एकाच घरात राहणारे आणि पोराला हात लावणारे असतील, नुसते सल्ला देणारे नाही, तर मग वेगळा विचार करा, तुमचं घर तुम्हाला माहीत.

ऑपरेशनची तारीख कळली की इथंच खाली लिहा. डायलिसिस नसलेल्या दिवशी मी खानापूरला येऊ शकते, पोराला उचलायचं आणि भरवायचं कसं ते तुमच्या घरच्यांना दाखवून जाते, वैनी दवाखान्यात जायच्या आधी झालं पाहिजे तेवढं.